उन्हाळ्यासाठी दहा पौंडांतली स्पॅनिश आणि अर्जेंटाइन वाइन: थंडावा कुठून आलाय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडात राहणारं मराठी कुटुंब, जुलैमध्ये घरामागच्या अंगणात बारा जणांचं जेवण, थोडं बार्बेक्यू आणि थोडं आपलं तळण-मासे. बाटलीमागे साधारण दहा पौंड खर्च करायची तयारी आहे, आणि वाइन स्पेनची नाहीतर अर्जेंटिनाची हवी कारण त्या किमतीत तीच बरी मिळते असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. गेल्या वर्षी माल्बेकच्या, म्हणजे अर्जेंटिनाच्या गडद रेडच्या, सहा बाटल्या आणल्या, सगळ्यांना जड वाटली, तीन तशाच उरल्या. तर ह्या वर्षी काय आणावं?

मी ह्या धंद्यात वीसेक वर्षं आहे, सुरुवात नाशिककडे एका वायनरीत झाली आणि नंतर लंडनला वाइनच्या दुकानात, आणि उन्हाळा आला की काउंटरवर हाच प्रश्न दिवसातून दहादा येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ज्यांनी कोणी तुम्हाला स्पेन-अर्जेंटिना सांगितलं त्यांनी बरोबरच सांगितलंय. पण "परवडणारी" म्हणजे सगळ्यात स्वस्त नव्हे, ह्याचा हिशोब एकदा मांडून बघा. इंग्लंडात बाटलीच्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो, आणि त्याशिवाय दारूवरची ड्यूटी, जी १ फेब्रुवारी २०२५ पासून अल्कोहोलच्या टक्केवारीप्रमाणे पायरीपायरीने लागते. साडेबारा टक्केवाल्या बाटलीला २०२५ च्या दराने साधारण पावणेतीन पौंड. म्हणजे सात पौंडांच्या बाटलीतून व्हॅट आणि ड्यूटी गेली की हातात तीन पौंड उरतात, आणि त्या तीन पौंडांत काच, बूच, जहाज, ट्रक, दुकानदार आणि शेवटी ती वाइन. तीच बाटली दहाची घेतली तर साडेपाच उरतात. तुम्ही तीन पौंड जास्त दिलेत आणि त्यातले अडीच बाटलीच्या बाजूला गेले, कारण ड्यूटी वाढतच नाही. म्हणून माझ्याकडे कोणी सहाची बाटली मागितली तर मी मनापासून सांगतो की सहाच्या तीन घेण्यापेक्षा नऊच्या दोन घ्या. आणि ह्याच हिशोबाची दुसरी बाजू अशी की साडेचौदा टक्क्यांच्या बाटलीवर ड्यूटी सव्वातीन पौंडांच्या घरात जाते, म्हणजे उन्हात जी वाइन डोक्यात चढणार तिच्यावर तुम्ही जास्तीचा करही भरताय.

आता मुख्य मुद्दा. उन्हाळ्यात प्यायच्या वाइनला तजेला पाहिजे. आंबटपणा शाबूत पाहिजे, अल्कोहोल बेताचं पाहिजे, ओकच्या पिंपाचा व्हॅनिला-लाकडाचा वास नको. पन्हं कसं असतं, साखर आहे, वेलची आहे, पण कैरीचा आंबटपणा नसेल तर ते नुसतं सरबत, तहान भागत नाही. वाइनचंही तसंच आहे. द्राक्षात हा आंबटपणा टिकतो तो थंडाव्यामुळे. कडक उन्हात साखर भराभर वाढते आणि आम्ल उडून जातं. मग स्पेन आणि अर्जेंटिनासारख्या उन्हाच्या देशात थंडावा येतो कुठून? तर तो कुठे समुद्राकडून येतो, कुठे उंचीमुळे येतो, आणि काही ठिकाणी रात्र तो आणून देते. नाशिकला आम्ही हेच करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी करून माल जानेवारी ते मार्चमध्ये काढतो, कारण हिवाळ्याच्या थंड रात्री आम्हाला द्राक्षाच्या अंगात उतरवायच्या असतात. दुकानात बाटली हातात घेतलीत की लेबलवरच्या बैलाच्या चित्रापेक्षा गावाचं नाव वाचा, आणि स्वतःला विचारा की इथे थंडावा कुठून येतो. उत्तर मिळालं तर घ्या.

समुद्रापासून सुरुवात करू. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया आहे, तिथे रियास बायशास नावाचा प्रदेश, आणि तिथलं द्राक्ष आल्बारिन्यो. स्पेन म्हटलं की कोरडं माळरान डोळ्यांपुढे येतं ना, हे तसलं अजिबात नाही, हे आपलं कोकण. अटलांटिकचा वारा, भरपूर पाऊस, हिरवंगार, खाड्या आत घुसलेल्या, आणि पाण्यात शिंपल्यांची शेती. मी तिथे एका सप्टेंबरात तोडणीला गेलो होतो, साल्नेस खोऱ्यात. तिथे वेल जमिनीवर वाढवत नाहीत, ग्रॅनाइटच्या दगडी खांबांवर डोक्याच्या वर मांडव घालतात, म्हणजे खालून वारा खेळता राहतो आणि पावसाने घडाला बुरशी लागत नाही. तुम्ही मांडवाखाली उभं राहायचं, हात वर करून घड कापायचा आणि खाली क्रेटमध्ये ठेवायचा. तासाभरात खांदे भरून येतात, मानेवर दव टपकत राहतं, आणि द्राक्षं इतकी बारीक आणि जाड सालीची की चावली तर आधी आंबट लागतात, गोडवा मागून येतो. त्या वाइनमध्ये पीच, लिंबाची साल आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित मिठाची चव असते, ती चाखताना मला अजून तो दगडी खांबाचा ओला वास येतो. आल्बारिन्यो दहाच्या आत मिळणं हल्ली कठीण झालंय, सुपरमार्केटच्या स्वतःच्या लेबलखाली कधी मिळते आणि ती बहुतेक वेळा वाईट नसते, पण अकरा-बारा पौंड घालायची तयारी असेल तर तळलेल्या सुरमईसोबत किंवा कोळंबीसोबत हिच्यासारखी दुसरी नाही. दोन बाटल्या आणा, सगळ्यांना एकेक छोटा ग्लास होईल, तेवढी पुरे.

समुद्राचीच दुसरी वाइन, आणि ही मी तुम्हाला आग्रहाने सांगणार आहे, कारण सांगितल्याशिवाय कोणी घेत नाही. मांसानिया. शेरीचाच प्रकार, पण शेरी म्हटलं की इंग्लंडात लोकांना नाताळातली गोड तपकिरी बाटली आठवते, तिचा हिच्याशी काही संबंध नाही. ही पूर्ण कोरडी, म्हणजे गोडवा अजिबात नसलेली असते, रंग फिकट गवतासारखा. दक्षिणेला ग्वादाल्किविर नदी समुद्राला मिळते तिथे सान्लुकार दे बार्रामेदा नावाचं गाव आहे, आणि त्याच गावात मुरवलेल्या वाइनला मांसानिया म्हणता येतं, जवळच्या हेरेसमध्ये मुरवली की तिला फिनो म्हणायचं. पिंप काठोकाठ भरत नाहीत, वर जागा ठेवतात, आणि तिथे वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते, तिला फ्लोर म्हणतात, म्हणजे फूल. दुधावर साय धरते तशीच दिसते, फक्त ही जिवंत असते आणि ती वाइनला हवेपासून झाकून ठेवते, शिवाय वाइनमधली ग्लिसरीन खाऊन टाकते म्हणून वाइन एवढी सडसडीत आणि कोरडी होते. सान्लुकारला समुद्राची दमट हवा आहे म्हणून ही साय वर्षभर जाड राहते. चव म्हणाल तर कच्चे बदाम, पावाचं पीठ, आणि खारा वारा. पहिला घोट विचित्र वाटेल, मी खोटं सांगत नाही. पण तो नुसता पिऊ नका, तोंडात तळलेला बोंबील असताना घ्या, किंवा खारवलेले बदाम, ऑलिव्ह, कांदाभजी, आणि मग सांगा. तळणातलं तेल ती जिभेवरून असं पुसून नेते की पुढचं भजं पहिल्यासारखं लागतं. अल्कोहोल १५ टक्के आहे, म्हणून छोट्या पेल्यात, अगदी थंडगार. अर्धी बाटली सात-आठ पौंडांत मिळते आणि बारा जणांच्या पहिल्या घोटाला ती पुरते. एक गोष्ट मात्र पाळा, उघडली की ती साध्या व्हाइट वाइनसारखीच नाशवंत, फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवायची. मला एका रेस्टॉरंटात बारवर महिनोन्‌महिने उघडी पडलेली फिनो मिळाली होती, सफरचंद कापून ठेवल्यावर काळं पडतं तशी चव, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई तीच पिऊन म्हणत होत्या की शेरी आपल्याला आवडत नाही. त्यांना कळलंच नसेल की त्यांनी शेरी प्यायलीच नव्हती, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता उंची. माद्रिदच्या वायव्येला, दुएरो नदीकाठच्या पठारावर रुएदा आहे, समुद्रसपाटीपासून ७००-८०० मीटर, आणि द्राक्ष वेर्देहो. तुमच्या बजेटचं खरं उत्तर हेच आहे, आठ ते दहा पौंडांत सगळ्यात जास्त समाधान देणारी व्हाइट माझ्या मते हीच. दिवसा ऊन मरणाचं, पण सूर्य गेला की पठार झपाट्याने गार होतं. वेर्देहोला हवा लागली की रस लगेच तपकिरी पडतो, म्हणून तोडणी रात्री करतात, पहाटेच्या आधी यंत्रं शेतात फिरतात आणि द्राक्षं गारच्या गार वायनरीत पोचतात. मघाशी म्हटलं ना रात्र थंडावा आणून देते, ते हेच. सॉविन्यों ब्लां ही व्हाइट ज्यांना आवडते त्यांना ही नक्की आवडेल, कापलेलं गवत, बडीशेप, लिंबू, आणि शेवटी किंचित कडसर चव जी मला फार आवडते, ताज्या मेथीसारखी. कोथिंबीर वडी, अळूवडी, हिरव्या चटणीतलं पनीर, पुदिना लावलेलं चिकन, हिरव्या वासाचं जे काही असेल त्याच्याशी जुळतं. लेबलवर नुसतं रुएदा असेल तर त्यात दुसरी द्राक्षंही बरीच असू शकतात, रुएदा वेर्देहो असं लिहिलेलं असेल तर वेर्देहो किमान ८५ टक्के, तेव्हा रुएदा वेर्देहो लिहिलेलीच घ्या.

खरी उंची मात्र अर्जेंटिनात. तिथल्या उत्तरेला साल्ता प्रांतात काफायाते नावाचं गाव आहे, द्राक्षमळे साधारण १७०० मीटरवर, आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, म्हणजे विचार करा, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच जागी बागा आहेत. तिथलं पांढरं द्राक्ष तोरोंतेस. अर्जेंटिनातच तयार झालेलं, अलेक्झांड्रियाचं मस्कत आणि स्पॅनिश लोकांनी वसाहतीच्या काळात नेलेलं क्रियोया ह्यांचा निसर्गतः झालेला संकर. वास घेतलात तर मोगरा, गुलाब, संत्र्याची साल, तुम्हाला वाटेल गोड असणार, आणि घोट घेतला की कोरडी ठाक. काही जणांना हे फसवल्यासारखं वाटतं पण आपल्या जेवणाला हा स्वभाव उपयोगी पडतो, नारळ, आलं, हिरवी मिरची असलेल्या पदार्थांपुढे बिचाऱ्या नाजूक वाइन मान टाकतात, ही टाकत नाही. मालवणी कोळंबीचं सुकं आणि तोरोंतेस, एकदा करून बघा. किंमतही आठ-नऊच्या आसपास. सल्ला इतकाच की ताज्यात ताजी घ्या, दोन वर्षांपूर्वीची असेल तर सोडून द्या, मोगऱ्याचा गजरा दुसऱ्या दिवशी जसा होतो तशी ती होते. इथे एक बारकी गोष्ट, अर्जेंटिनात तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि स्पेनमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरात, म्हणजे लेबलवर साल एकच असलं तरी अर्जेंटिनाची वाइन सहा महिन्यांनी मोठी असते.

आणि आता तुमची माल्बेक, जिच्यावरून हे सगळं सुरू झालं. तिच्यावर राग धरू नका. द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञाने १८५३ च्या सुमारास ते अर्जेंटिनात नेलं, आणि मेंदोसात ते असं रुजलं की आज जग त्याला अर्जेंटिनाचंच समजतं. मेंदोसा म्हणजे खरं तर वाळवंटच आहे, वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, अँडीजचा बर्फ वितळून येणारं पाणी पाटांनी खेळवतात आणि त्यावर सगळी शेती, तिथल्या मूळच्या उआर्पे लोकांपासून चालत आलेली पद्धत. गारपिटीची इतकी भीती की कित्येक मळ्यांवर काळी जाळी अंथरलेली असते, आपल्याकडच्या बागाइतदाराला ते दुःख वेगळं सांगायला नको. तुम्ही गेल्या वर्षी आणलीत ती बहुधा ओकमध्ये ठेवलेली, साडेचौदा टक्क्यांची असणार, आणि जुलैच्या दुपारी अंगणातल्या टेबलावर तिचं तापमान २६-२७ अंशांवर गेलं असणार. त्या तापमानाला कोणतीही रेड काढ्यासारखी लागते, वास सगळा अल्कोहोलचा येतो.

"रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची" ह्या वाक्याने फार नुकसान केलंय. ज्या काळातलं ते वाक्य आहे त्या काळातली युरोपातली खोली म्हणजे १६-१७ अंश, जाड भिंतींची. मी दुकानात उन्हाळ्यात एक गोष्ट करतो, एकाच माल्बेकच्या दोन बाटल्या, एक शेल्फवरची आणि एक चाळीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलेली, दोन ग्लास भरून गिऱ्हाइकापुढे ठेवतो आणि काही बोलत नाही. कोमट ग्लासाला लोक नाक लावून मागे घेतात, डोळे बारीक करतात. गार ग्लासाला नाक लावलं की थांबतात, परत लावतात, आणि बहुतेक जण विचारतात की ही दुसरी कोणती? आलूबुखार दिसायला लागतो, जांभळी फुलं दिसायला लागतात, आंबटपणा वर येतो. बाटली तीच, किंमत तीच. तेव्हा रेड आणा, पण प्यायच्या आधी चाळीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

कोणती रेड? माल्बेकच हवी तर मेंदोसातल्या ऊको खोऱ्यातली, ९०० ते १५०० मीटर आणि त्याहीवर मळे आहेत, आणि लेबलवर ओकचा उल्लेख नको, रेसेर्वा शब्द नको, साडेतेरापर्यंतचं अल्कोहोल. बार्बेक्यूवर मटण असेल तर ती हवीच. पण मी तुमच्या जागी असतो तर बोनार्दा घेतली असती, अर्जेंटिनात भरपूर पिकणारं पण बाहेर फारसं नाव नसलेलं द्राक्ष, आणि नाव नाही म्हणून स्वस्त. रसाळ, मऊ, करवंदा-जांभळासारखी, तोंडाला ओढ कमी. तंदुरी चिकन, सीख कबाब, भाजलेली वांगी, सगळ्यांशी जमवून घेते. स्पेनमधून घ्यायची तर बिएर्सो भागातल्या मेन्सिया द्राक्षाची, किंवा रिओहा भागातली होवेन, होवेन म्हणजे तरुण, पिंपात न मुरवलेली किंवा अगदी थोडी. क्रियान्सा लिहिलं असेल तर रिओहात तिला किमान दोन वर्षं मुरवलेलं असतं, त्यातलं एक तरी पिंपात, ती हिवाळ्यासाठी ठेवा. गार्नाचा फार छान द्राक्ष आहे, आरागोनमधली काम्पो दे बोर्खाची किंवा कालातायुदची जुन्या वेलींची गार्नाचा आठ पौंडांत मिळते हे नवलच, पण ती सहज साडेचौदावर जाते, म्हणून उन्हाळ्यात त्याच द्राक्षाची रोसादो, म्हणजे गुलाबी वाइन (रोझे) घ्या, नावार्राची. प्रोव्हान्सच्या फिकट रोझेची सध्या फॅशन आहे, नावार्राची चांगली गडद, कोकमाच्या आगळासारखी दिसते, म्हणून लोक तिला गोड समजून मागे ठेवतात. गोड नसते. स्ट्रॉबेरी, डाळिंब, आणि भाजीपासून मटणापर्यंत कशाहीसोबत चालते.

बुडबुडे हवे असतील तर कावा, स्पेनची फसफसणारी वाइन, ब्रुट म्हणजे कोरडी असं लिहिलेली किंवा त्याहून कोरडी ब्रुट नेचर, शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसरं किण्वन करून बनते, आणि आठ-दहा पौंडांत एवढं काम करून दिलेली दुसरी वाइन युरोपात फारशी सापडणार नाही. आल्याआल्या लोकांच्या हातात द्यायला उत्तम.

बर्फ घालावा का असंही विचारलंय. साध्या वाइनमध्ये जरूर घाला, कोणाला विचारू नका. अर्जेंटिनात आजही रविवारच्या जेवणाला टेबलावर सोड्याचा सायफन असतो आणि साध्या रेडमध्ये सोडा-बर्फ घालून लोक पितात. स्पेनमध्ये उन्हाळाभर बारमध्ये स्थानिक माणूस सांग्रिया मागत नाही, तिंतो दे वेरानो मागतो, अर्धी रेड, अर्धा गोडसर सोडा, भरपूर बर्फ, लिंबाची फोड. सेव्हिलच्या एप्रिल जत्रेत तर रेबुहितो, म्हणजे मांसानियात दुप्पट लेमन सोडा आणि पुदिना. तुमच्या घरी गेल्या वर्षीच्या तीन माल्बेक उरल्यात ना, त्यांचं तिंतो दे वेरानो करा, ओकचा वास सोड्यात बराच बुजतो.

गार करण्याबद्दल. फ्रिजमध्ये बाटली नीट गार व्हायला दोन-अडीच तास लागतात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, लहानपणी अंगणात आइस्क्रीमचा लाकडी पॉट फिरवताना खडेमीठ टाकायचो तेच शास्त्र, वीस मिनिटांत बाटली गार. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, कारण बर्फ बाटलीला दोन-चार ठिकाणी टेकतो आणि पाणी सगळीकडून. व्हाइटही गोठवू नका, आठ-दहा अंश पुरे, त्याखाली तोरोंतेसचा मोगरा वासच देत नाही.

तर बारा जणांसाठी, बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास धरून, चार-पाच तासांच्या बैठकीला मी असं आणलं असतं: कावा दोन, मांसानियाची अर्धी एक, वेर्देहो दोन, तोरोंतेस एक, नावार्राची रोसादो दोन, बोनार्दा दोन. आल्बारिन्यो घ्यायची झाली तर वेर्देहोच्या जागी. पाण्याचे जग टेबलावर भरपूर ठेवा, उन्हात लोक तहान लागली म्हणून वाइन उचलतात. बादली सावलीत ठेवा, आणि रेडच्या बाटल्या पाहुणे आल्यावर नाही, कोळसे पेटवायला घ्याल तेव्हाच फ्रिजमध्ये टाका, म्हणजे मटण तयार होईपर्यंत त्या बरोबर १५ अंशांवर आलेल्या असतील.